ओळखीची किंकाळी

गेल्या सुट्टीत भाची आठ दिवस माझ्याकडे राहायला होती. अकरा वर्षांची आहे. रात्री दिवे मालवून, एकाच पांघरुणात पाय खुपसून आम्ही दोघी एक जुना युद्धपट बघत बसलो होतो. पुलावर लढाई पेटलेली, धूर, धावपळ, आणि आधीच्याच प्रसंगात बहिणीला पत्र लिहिणारा एक तरुण शिपाई कठड्यावरून मागे कोसळला. कोसळताना ओरडला. त्या ओरडण्याचा पहिला तुकडा कानावर पडला आणि माझा हात आपसूक रिमोटकडे गेला. "अगं, हीच ती! विल्हेल्म!" मी सिनेमा थांबवला, दहा सेकंद मागे घेतला, पुन्हा लावला. मग तिला सगळं सांगत सुटले. हा आवाज या नटाचा नाहीच, १९५१ सालचा आहे, शेकडो सिनेमांत हीच किंकाळी वापरली आहे, तू दहा वेळा बघितलेल्या त्या खेळण्यांच्या सिनेमातसुद्धा आहे. बोलताना मला थांबवत नव्हतं. तिने मात्र हळूच पांघरुणातून पाय काढून घेतले. पडद्यावर तो शिपाई हात पसरून अधांतरी थांबलेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मावशी, तो आत्ता मरत होता. आता तो मरतच नाहीये."

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला, पण ती रात्र काही पुन्हा जमली नाही. झोपताना ती नेहमीसारखी गळ्यात पडली, सकाळी सगळं विसरूनही गेली असेल. माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागून राहिला. मी तिला एक आनंद द्यायला गेले होते. कुणी मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा अंगावर काटा आला होता, तोच काटा तिच्या अंगावर यावा म्हणून धडपडले होते. आणि तिच्या हातातून काहीतरी काढून घेऊन मोकळी झाले.

ती किंकाळी ज्यांनी ऐकली असेल (आणि ऐकली नाही असा सिनेमा बघणारा माणूस सापडणं कठीण) त्यांच्यासाठी तिचं वर्णन करून बघते. ती एकदम वरच्या पट्टीत सुरू होते, मधे कुठेतरी फाटते, आणि पूर्ण व्हायच्या आतच संपते. जेमतेम सेकंदभराची. दुखण्यापेक्षा दचकणं जास्त आहे तिच्यात. 'डिस्टंट ड्रम्स' नावाच्या चित्रपटासाठी १९५१ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. दलदलीतून सैनिक चाललेले असतात, एकाला मगर पाण्याखाली ओढून नेते, त्याचं हे ओरडणं. एका माणसाला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभं करून त्याच्याकडून लागोपाठ अशा अनेक किंकाळ्या काढून घेतल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्या मूळ मुद्रणाची अख्खी फीत लोकांना ऐकायला मिळाली, तेव्हा मी ती कानाला हेडफोन लावून पुनःपुन्हा ऐकली. किंकाळ्यांच्या मधल्या जागेत एक दुसरा माणूस शांतपणे सूचना देतोय. मग हा पुन्हा ओरडतो. मग पुन्हा शांतता. खोलीत मगर नाही, पाणी नाही. एक माणूस आपलं काम नीट व्हावं म्हणून मनापासून ओरडतोय, इतकंच. तो माणूस बहुधा शेब वूली नावाचा गायक-नट असावा, असं अभ्यासक मानतात. पुढे १९५८ मध्ये त्याचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण त्याच्या गाण्यापेक्षा त्याची किंकाळी कितीतरी जास्त लोकांनी ऐकली.

नाव तिला नंतर मिळालं. १९५३ च्या एका चित्रपटात विल्हेल्म नावाच्या शिपायाच्या पायात बाण घुसतो आणि तो याच आवाजात ओरडतो. सत्तरच्या दशकात बेन बर्ट हा ध्वनिरचनाकार 'स्टार वॉर्स'साठी जुन्या आवाजांचे साठे धुंडाळत होता, तेव्हा त्याला ही किंकाळी पुन्हा सापडली. त्याने तिला त्या शिपायाचं नाव दिलं, १९७७ च्या त्या चित्रपटात ती वापरली आणि पुढे आपल्या अनेक कामांत कुठेतरी तिला जागा देत राहिला. मग इतर ध्वनिसंकलकही ती वापरू लागले. आता चारशेहून जास्त चित्रपटांत ती आहे. ही त्या लोकांची आपसातली खूण झाली. ज्यांचे चेहरे कधी पडद्यावर येत नाहीत, ती माणसं अंधारातून एकमेकांना हात दाखवतात, असं मला ती ऐकताना वाटतं. आणि मलाही हात दाखवताहेत असं वाटतं, म्हणून मी इतकी हरखते. भाचीला हे समजावून सांगायला हवं होतं. पण तेव्हा मी फक्त सालं सांगितली.

माझ्याकडे एक वही आहे. शाळेत असल्यापासून पुठ्ठ्याच्या वह्या बदलत गेल्या, पण यादी एकच आहे. ज्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर असतात आणि तरी दिसत नाहीत, त्यांची. पेनाच्या टोपणाच्या टोकाला भोक असतं, ते शाईसाठी नसतं. चुकून कुणा लहान मुलाने टोपण गिळलं आणि ते घशात अडकलं, तर श्वासापुरती वाट राहावी म्हणून असतं. हे वाचलं त्या दिवशी घरातल्या सगळ्या पेनांची टोपणं मी उजेडाकडे धरून बघितली होती. प्रत्येकातून उजेडाचा एक ठिपका येत होता. जीन्सच्या मोठ्या खिशात तो दुसरा इवलासा खिसा असतो, ज्यात काय ठेवावं हे कुणालाच नीट माहीत नसतं, तो १८७० च्या दशकात साखळीच्या घड्याळासाठी शिवलेला. साखळीचं घड्याळ कधीच गेलं, खिसा राहिला. दीडशे वर्षं कुणीतरी तो शिवतंय.

वहीतली बरीच पानं आकड्यांची आहेत. घड्याळांच्या जाहिरातींत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर असतात, हे पान सगळ्यात जुनं. तिथे मी लाल शाईने काट मारलेली आहे, कारण त्याखाली मी ऐकीव माहिती लिहून ठेवली होती, की अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूची ती वेळ. साफ खोटं आहे ते. लिंकन यांचा प्राण गेला १५ एप्रिल १८६५ च्या सकाळी, सात वाजून बावीस मिनिटांनी. आणि १९२० च्या दशकातल्या जाहिरातींत काटे सर्रास आठ वीसवर असायचे. पुढे ते वर उचलले गेले. दहा दहाला काटे कंपनीच्या नावाला महिरप करतात आणि घड्याळाचा चेहरा हसरा दिसतो. आठ वीसला तोच चेहरा तोंड पाडून बसल्यासारखा. २०१७ मध्ये मानसशास्त्राच्या एका प्रयोगात हे पडताळूनही पाहिलं, दहा दहाचं घड्याळ बघणाऱ्यांना खरोखर जास्त बरं वाटलं. ही काट मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. अशा गमतीच्या गोष्टी गोळा करणाऱ्याने एक पथ्य पाळायलाच हवं असं मला वाटतं. गोष्ट कितीही गोड असली आणि ती खोटी निघाली, तर तिला जाऊ द्यायचं. खरी गोष्ट बहुतेक वेळा जास्त गोड निघते.

आयफोनच्या जाहिरातींत घड्याळ नऊ एक्केचाळीस दाखवतं, हे त्याच्या शेजारचं पान. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्स यांनी तो फोन जगाला दाखवला. भाषण सुरू झाल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी फोनचं चित्र पडद्यावर यावं आणि त्या चित्रातली वेळ प्रेक्षकांच्या मनगटावरच्या वेळेशी जुळावी, अशी आखणी होती. सुरुवातीला नऊ बेचाळीस, नंतर एका मिनिटाने मागे. आणि मेसेजमध्ये आपण पाठवतो त्या कॅलेंडरच्या चित्रावर १७ जुलै असते, कारण २००२ मध्ये त्या तारखेला ॲपलने आपलं कॅलेंडर जाहीर केलं. हे सगळं मला आवडतं. पण खरं सांगायचं तर ही आकड्यांची पानं मी फारशी उलटत नाही. ती कळतात आणि संपतात.

जी पानं मी पुनःपुन्हा वाचते, त्यांत कुणीतरी भिजलेलं असतं, कुणीतरी कुठेतरी निघालेलं असतं.

भिजलेलं हे शब्दशः. गाडीत इंधन किती उरलंय ते दाखवणाऱ्या काट्याशेजारी एक बारीकसा बाण असतो. इंधनाच्या टाकीचं झाकण डावीकडे की उजवीकडे, ते तो सांगतो. मी कित्येक वर्षं गाडी चालवली आणि तो बाण मला दिसला नव्हता. तो जिम मोयलन यांच्या डोक्यातून निघाला. ते फोर्डमध्ये अभियंते होते. १९८६ मध्ये एका पावसाच्या दिवशी ते कार्यालयाची गाडी घेऊन निघाले, पंपावर थांबले, आणि टाकी पलीकडच्या बाजूला निघाली. गाडी वळवून घेईपर्यंत चिंब. परत आले ते अंगातला ओला कोटही न काढता टेबलाशी बसले आणि वरिष्ठांना टिपण लिहायला घेतलं, की काट्याशेजारी एक खूण द्या. तीन वर्षांनी, १९८९ च्या गाड्यांत तो बाण आला. मग तो जगभर गेला. मला त्या कोटाचं फार वाटतं. त्याच्या बाह्यांतून कागदावर पाणी ठिबकत असेल. आपण भिजलो की चिडतो, घरी येऊन केस पुसतो आणि विसरतो. हा माणूस केस पुसायच्या आधी, उद्या भिजणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी लिहायला बसला. आता गाडीत बसले की माझी नजर आधी त्या बाणाकडे जाते.

आणि ती टेकडी. संगणक सुरू केला की समोर यायची ती हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. विंडोज एक्सपी ज्यांनी वापरलं, त्यांच्या डोळ्यांना ती आपल्या घराच्या भिंतीइतकी परिचयाची आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खोलीत ओळीने बारा संगणक होते. सकाळी पहिली पोचणारी मी, एकेक सुरू करत जायची, आणि माझ्यामागे एकेक टेकडी उगवत यायची. मी तेव्हा खात्रीने सांगितलं असतं की हे चित्र संगणकावरच केलेलं आहे, इतकं हिरवं काही खरं नसतं. ते खरं होतं. जानेवारी १९९६, कॅलिफोर्नियातला सोनोमा परगणा. चार्ल्स ओरिअर नावाचे छायाचित्रकार आपल्या मैत्रिणीला भेटायला गाडीने निघाले होते. नुकताच पाऊस होऊन गेला होता, ढग फुटत होते, गवत चमकत होतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तिपाई लावली, फिल्मवर काही फोटो काढले आणि पुढे निघाले. पुढे त्या मैत्रिणीशीच त्यांचं लग्न झालं. फोटोत नंतर काहीही रंगकाम केलेलं नाही, हे ते आजवर सांगत आलेत.

पण मला या गोष्टीतला खिळवून ठेवणारा तुकडा वेगळाच वाटतो. ती टेकडी मुळात हिरवी, मोकळी नव्हतीच. त्या भागात द्राक्षांचे मळे. मुळं खाणारी एक बारीकशी कीड त्या मळ्यांत पसरली आणि शेतकऱ्यांना वेली उपटून टाकाव्या लागल्या. रिकाम्या पडलेल्या उतारावर गवत उगवलं, त्यावर पाऊस पडला, आणि त्या दिवशी तो माणूस तिथून जात होता. काही वर्षांनी तिथे पुन्हा वेली लावल्या गेल्या. म्हणजे कोट्यवधी लोकांनी शांततेचं चित्र म्हणून रोज सकाळी जे पाहिलं, ते कुणाचं तरी बुडालेलं पीक होतं. ज्या शेतकऱ्याने त्या वेली उपटल्या, त्याने पुढे कधीतरी संगणक सुरू केला असेल का, आणि आपला उतार ओळखला असेल का? मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये त्या फोटोचे हक्क घेतले, तेव्हा मूळ फिल्म पोचवायला कुठलीही कुरियर कंपनी तयार होईना, इतका तिचा विमा होता. शेवटी ओरिअर स्वतः विमानाने जाऊन ती देऊन आले. मांडीवर पाकीट, पाकिटात ती टेकडी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नोकियाची ती धून आठवते? आठवते काय विचारायचं. बसमध्ये एकाचा फोन वाजला की सात-आठ हात एकदम खिशाकडे, पर्सकडे जायचे. ते हात बघायला मला फार आवडायचं. अनोळखी माणसं क्षणभर एकाच कुटुंबातली वाटायची. ती धून फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाची आहे. 'ग्रान वाल्स' नावाची त्याची १९०२ ची रचना, तिच्यातला चार आवर्तनांचा तुकडा. १९०९ मध्ये तो गेला. १९९४ मध्ये त्याचे ते मोजके सूर फोनमध्ये शिरले. मूळ रचना गिटारवर ऐकाल तर तो तुकडा येतो आणि अलगद निघूनही जातो. वादक तिथे थांबत नाही, जोर देत नाही. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो तुकडा येताच माझाही हात पर्सकडे गेला होता. आणि मेसेज आल्यावर वाजणारं ते टिटिटी टीऽ टीऽ टिटिटी? ती मोर्सची लिपी होती. तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. एस, एम, एस. वर्षानुवर्षं तो फोन आपण काय आणलंय ते स्पष्ट शब्दांत सांगत होता.

या सगळ्यांत एक पान मी कुणाला वाचून दाखवत नाही, कारण माझा आवाज राहत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीकडे लक्ष द्या, अशी सूचना वाजते. 'माइंड द गॅप'. टी-शर्टांवर, कपांवर छापून छापून हे शब्द झिजून गेलेत. साठच्या दशकाच्या अखेरीस ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाने ती सूचना ध्वनिमुद्रित केली होती. पुढे एकेका स्थानकावर नवीन यंत्रणा आली, नवीन आवाज आले, आणि त्याचा आवाज मागे हटत हटत शेवटी एम्बँकमेंट स्थानकाच्या एका फलाटावर उरला. २००७ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याची पत्नी त्या स्थानकावर जाई, फलाटावर बसे, समोरची गाडी जाऊ देई आणि पुढच्या गाडीला तो पुन्हा बोलेपर्यंत थांबे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एक दिवस ती गेली आणि आवाज दुसराच निघाला. तिने रेल्वेवाल्यांकडे चौकशी केली. त्यांनी जुनी फीत शोधून काढली, तिला तिची प्रत दिली, आणि २०१३ मध्ये तो आवाज पुन्हा त्या फलाटावर सुरू केला. एवढ्या एका स्थानकावर, एवढ्या एका माणसासाठी. घाईने गाडीत चढणाऱ्यांना तो कानात शिरतही नसेल.

तर माझी बाजू ही अशी आहे. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या वस्तूत, आवाजात, चित्रात कुणाची तरी एक ठरावीक दुपार असते, आणि ती कळली की वस्तू पुन्हा खरखरीत होते, बोटांना लागते. मला हे मनापासून पटलेलं आहे आणि अर्धं आयुष्य मी त्यावर लोकांना पकडून पकडून सांगत आले आहे. पण भाचीचं म्हणणंही खोडून काढता येत नाही. तिचा शिपाई खरोखर मेला नाही. मी त्याला वाचवला म्हणावं तर तसंही नाही. आता तो ना जिवंत, ना मेलेला, नुसता एक आवाज.

आणि असं माझंही झालेलं आहे. बर्फातून कुणी चालत गेलं की सिनेमात जो करकर आवाज येतो, तो पुष्कळदा कॉर्नफ्लॉरच्या पिठाचा असतो. चामडी पिशवीत पीठ भरून ती दाबायची. हॉलिवूडचे ध्वनितंत्रज्ञ जॅक फोली यांच्यापासून ही कला चालत आली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पडद्यावर पाऊल पडलं की खोलीत बसलेल्या कलाकाराने त्याच क्षणी ते आवाजात टाकायचं. हे कळलं तेव्हा मी खूश झाले होते. पण लहानपणी एका सिनेमात एक म्हातारा बर्फातून एकटा चालत जातो, त्या पावलांनी मला रडवलं होतं. मोठेपणी तो सिनेमा पुन्हा लावला. पावलं वाजू लागली आणि मला पिठाची पिशवी दिसली. म्हातारा चालत राहिला, मी कोरडी. असं आठ-दहा वर्षं राहिलं. मग एकदा आजारपणात, अर्धवट झोपेत, शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर तो प्रसंग लागला असावा. डोळे मिटलेले होते, आणि बर्फच ऐकू आलं. जे कळलंय ते विसरता येत नाही, पण काही वेळा ते आपण होऊन बाजूला सरतं. केव्हा सरेल हे आपल्या हातात नसतं. भाचीच्या शिपायाला किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही.

हे सगळं मनात असताना त्या हशाच्या पेटीची गोष्ट पुन्हा वर आली. जुन्या विनोदी मालिकांत पात्राने काही म्हटलं की मागे हशा पिकायचा, तो बऱ्याचदा तिथे बसलेल्या प्रेक्षकांचा नसे. चार्ल्स डग्लस नावाचे ध्वनितंत्रज्ञ होते. त्यांनी १९५३ च्या सुमाराला एक यंत्र बनवलं. आत फितींवर जमवलेले शेकडो हशे. टाइपरायटरसारखी बटणं, पायाखाली पेडल. एक बटण दाबलं की बाईचं खुदखुदणं, दुसरं दाबलं की गडगडाट, आणि पेडलने तो हवा तेवढाच लांबवायचा. पेटीला कुलुपं. डग्लस ती चाकांवरून ढकलत संकलनाच्या खोलीत आणत, काम करत आणि कुलूप लावून घेऊन जात. आत नेमकं काय आहे ते घरच्या माणसांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक या हशाला हसतात, खोटा म्हणतात. मला तो खोटा वाटत नाही. त्या फितीवरचं प्रत्येक हसू कुणीतरी कधीतरी खरोखर हसलेलं आहे. कुठल्या तरी संध्याकाळी, कुठल्या तरी विनोदाला, शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्याला धरून. विनोद नाहीसा झाला, ती माणसंही गेली असतील, हसू मात्र पेटीत राहिलं आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या विनोदांना पुरलं. कधी कुणी दिवाणखान्यात मालिका बघताना मधेच थबकून म्हणालं असेल का, थांबा, ही माझी आई?

परवा भाची पुन्हा राहायला आली होती. येताना ताईने तिच्याबरोबर एक पेन ड्राइव्ह पाठवला. माळ्यावरच्या जुन्या कॅसेट तिने कुठूनतरी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्यांत माझं पाचवीतलं शाळेचं नाटक होतं. बाबांनी टेप रेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसून ते भरून घेतलेलं. मी पोस्टमन होते, माझी चार वाक्यं होती. ती कॅसेट मी लहानपणी इतक्या वेळा वाजवली आहे की त्या चार वाक्यांच्या आधीचा श्वाससुद्धा मला पाठ आहे. भाचीला मावशीचा लहानपणचा आवाज ऐकायचा होता. एक हेडफोन तिच्या कानात, एक माझ्या. फितीची खरखर, बाकांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग माझी वाक्यं आली. ती हसली, माझ्या दंडाला चिमटा काढला. मी थांबवायला हात पुढे केला तर तिने तो धरला.

"थांब. हे कोण हसतंय?"

सगळेच हसत होते. मुलं, बायका, एक मोठ्ठा ढगासारखा हशा.

"ते नाही. सगळे थांबल्यावर. एकटंच कुणीतरी. जवळ."

तिने मागे घेतलं. मी डोळे मिटले. हशा आला, ओसरला, पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधी एवढीशी फट, आणि त्या फटीत, अगदी कानाशी, रेकॉर्डरला चिकटून, दोन ठोके उशिरा, एक दबलेलं हं हं हं. चाळीस वर्षं मी त्या फितीत माझीच चार वाक्यं ऐकत आले होते. बाबांना विनोद नेहमी जरा मागून कळायचा, म्हणजे कळायचा लगेच, पण आधी ते आजूबाजूला बघून घ्यायचे, सगळे हसताहेत ना, आणि मग हसायचे. हे मी विसरून गेले होते. भाचीने त्यांना पाहिलेलं नाही.

"तुझे आजोबा," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. तिने वही मागितली नाही, साल विचारलं नाही. पेन्सिलीचं टोक टेबलावर टेकवून नाटक पहिल्यापासून लावलं आणि ऐकत राहिली. दहा मिनिटांनी राजाच्या प्रवेशाला पुन्हा हशा पिकला. तिने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं. हशा ओसरला.

"आता बघ," ती कुजबुजली, "आता हसतील."

आणि ते हसले.